गाडी घ्या, पण वडिलांची सायकल विकू नका

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. दोन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. रोज सायकल चालवायचे, ती आता बंद केली आहे. त्यांच्या ने-आणीसाठी इलेक्ट्रिक कार घ्यावी का? रेंज पुरते का?

उत्तर :

‘सायकल बंद केली आहे’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथेच अडले. कोणी बंद केली? डॉक्टरांनी, की तुम्ही?

आमच्या घरी ती दादानं बंद केली. बाबांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केली. पुण्यातल्या कसब्यातून खडकी, पाऊस असो नाहीतर ऊन, सायकलवर. सवाई गंधर्व संगीत महोत्सव रात्रभर चालायचा त्या काळात पहाटे रमणबागेतून बाहेर पडायचे ते भैरवी गुणगुणतच, कानाला मफलर बांधून, सायकलवर. निवृत्तीनंतर आम्ही कोथरूडला आलो तरी मंडईची भाजी सायकलवरूनच यायची.

२०२२ च्या गणपतीत ते असेच मंडईतून आले, चहाला बसले आणि जबडा दुखतोय म्हणाले. मग घाम. आईनं ओवा दिला, मी पाठ चोळली. गॅसेस असतील म्हणत आम्ही दीड तास घालवला. त्या दीड तासाचं मला आजही वाईट वाटतं. मुख्य रक्तवाहिनीत एक स्टेंट बसला. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ४० टक्क्यांवर आलं होतं.

दादानं त्याच दिवशी ठरवून टाकलं की हे सायकलमुळे झालं. अठरा वर्षांचा मधुमेह, तरुणपणापासूनची तंबाखू, सख्खा भाऊ ५१ व्या वर्षी असाच गेलेला, हे सगळं बाजूला आणि दोष सायकलीचा! दिवाळीत त्यानं नेक्सॉन ईव्ही घेतली आणि बाबांची हर्क्युलिस भंगारवाल्याला ४०० रुपयांना देऊन टाकली. बाबांना विचारलंसुद्धा नाही. बाबा एक शब्द बोलले नाहीत. जिन्याखाली ती उभी असायची तिथे भिंतीवर हँडलचा काळा घासा होता, तिकडे बघत उभे राहिले. पुढचे दोन-अडीच महिने घरात त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं नाही.

आता गाडीबद्दल, कारण त्या बाबतीत दादाचं बरोबर होतं. जरूर घ्या. आमच्या गाडीची बॅटरी ३०.२ युनिटांची, कंपनीचा आकडा ३१२ किलोमीटरचा. आम्हाला शहरात २०० च्या आसपास मिळतात, म्हणजे एका युनिटात सहा-सात किलोमीटर. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर रात्री लावली की सकाळी भरलेली असते. दवाखाना, लॅब, नातेवाईक एवढ्यासाठी रेंजची काळजी करायचं कारण नाही. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढाला टक्के झरझर उतरतात, उतारावर त्यातले थोडे परत येतात. शंभर टक्के भरून निघालात तर पोचायची चिंता नाही. या गाडीची सीट उंच आहे, त्यामुळे आजारातून उठलेल्या माणसाला वाकून आत शिरावं लागत नाही.

आणि एक गोष्ट मला कुठल्याच शोरूममध्ये कोणी सांगितली नव्हती. जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी बाबांना तपासणीहून परत आणत होते. नळस्टॉपच्या सिग्नलला गाडी थांबली. बाबांनी डॅशबोर्डवर तळवा टेकवला, म्हणाले, “बंद पडली का गं?” मी म्हटलं, नाही, चालूच आहे. माझ्या मोबाइलवर तानपुरा लावलेला होता. जुन्या पेट्रोल गाडीत सिग्नलला इंजिनाची घरघर खर्जाला खाऊन टाकायची, वरच्या तारा तेवढ्या ऐकू यायच्या. इथे चौथी, खर्जाची तार स्वच्छ ऐकू येत होती. बाबांनी डोळे मिटले आणि हळूच यमनचा निषाद लावला. दोन-अडीच महिन्यांनी पहिला सूर. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, मला गाडी पुढे घ्यायचं सुचेना. दादा, त्या सिग्नलसाठी मी तुझी कायमची ऋणी आहे.

पण गाडीनं हृदय सुधारत नाही. ते सुधारतं चालण्यानं, सायकलनं, औषधानं आणि तंबाखू सोडण्यानं. घरातला माणूस सोफ्यावर बसवून ठेवणं ही काळजी नव्हे, ती आपली भीती आहे. कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षय झाला, देवासला पाच-सहा वर्षं गाणं बंद होतं. एक फुप्फुस निकामी झालं होतं, तरी त्यांनी पुढे जे गायलं ते सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. बाबा हे दादाला सांगायचे आणि दादा विषय बदलायचा.

शेवटी मी बाबांना कार्डिॲक रिहॅबला, म्हणजे हृदयरोग्यांना देखरेखीखाली व्यायाम शिकवतात तिथे, नेलं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी फार सोपी गोष्ट सांगितली. हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी चालू असताना नाडी मोजून व्यायामाचा अंदाज नीट येत नाही. त्याऐवजी बोलून बघायचं. व्यायाम करताना वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. गाता येत असेल तर जोर कमी पडतोय, बोलताही येत नसेल तर जास्त होतोय. बाबांना ते इतकं पटलं! आधी घरात व्यायामाच्या एका जागी उभ्या सायकलवर दहा मिनिटं, मग वीस. पुढे ट्रेडमिलची चाचणी झाली, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मी त्यांना जुन्या बाजारातून बुटकी, गिअरची सायकल आणून दिली. सकाळी सहाला म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंत डीपी रस्त्यानं जातात. तोडी रागातली एक ओळ म्हणून बघतात, मधेच दम तुटला की समजतात, वेग बरोबर आहे. गेल्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ५२ आलं. औषधांचाही त्यात मोठा वाटा आहे, हे मान्य. पण सायकलनं नुकसान झालेलं तरी दिसलं नाही.

दादा अजूनही म्हणतो, “काही झालं तर?” तो स्वतः ४७ चा आहे, दिवसभर खुर्चीत, आणि कोलेस्टेरॉल तपासलेलं नाही. वडील किंवा सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर पुढच्यांनी लवकर सावध व्हायला हवं. बाबांचा भाऊ, म्हणजे आमचे काका, ५१ व्या वर्षीच गेले. बाबांना पंचावन्नच्या आत झाला नाही म्हणून दादानं निर्धास्त राहू नये.

तुमच्या वडिलांचं पंपिंग किती, आणखी ब्लॉकेज आहेत का, हे मला माहीत नाही. त्यामुळे उद्या सकाळीच सायकल हातात देऊ नका, आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना पडलं तर रक्त लवकर थांबत नाही, हेल्मेटशिवाय अजिबात नको. मधुमेह असेल तर खिशात खडीसाखर. पहिले काही महिने कोणीतरी सोबत हवं, मी स्कूटरवरून मागे मागे जायचे.

आणि गाडी बुक करण्याआधी सोसायटीकडून चार्जिंगच्या प्लगची परवानगी लेखी घ्या. आमच्याकडे तोंडी ‘हो’ म्हणाले आणि प्लग लागायला चार महिने गेले.