दिल्ली पासिंगची एक्सयूव्ही घ्यावी का?

प्रश्न: सांगलीत राहतो. पगार हातात 52 हजार. घरात सात माणसं, दाराशी जुनी वॅगनआर. एजंटकडे दिल्ली पासिंगची महिंद्रा एक्सयूव्ही 500 आहे. डिझेल, नोव्हेंबर 2015 ची, साडेपाच लाखांना. तीन लाखांच्या एफडीतले दीड लाख मोडून आणि चार लाखांचं कर्ज (14 टक्के, चार वर्षं) काढून घेऊ का? आणि या गाड्या इतक्या विकायला का असतात?

उत्तर: गाडी वाईट म्हणून नव्हे. 2011 पासून दहा वर्षं ती भरपूर खपली. 2021 मध्ये एक्सयूव्ही 700 आली आणि हौशी मालक तिकडे वळले. दुसरं कारण घरगुती. मागे एका अशिलासोबत अशीच गाडी बघायला गेलो होतो, तर तिसऱ्या रांगेच्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं! सात जणांसाठी घेतलेल्या गाडीतून तिघंच फिरत होते.

पण तुमच्या गाडीचं खरं कारण दिल्ली. हरित लवादाने 2015 मध्ये तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. ऑगस्ट 2025 मध्ये कोर्टाने सक्तीची कारवाई तूर्त थांबवली खरी, पण मालकांनी घेतलेली धास्ती काही जात नाही. दहावं वर्ष जवळ आलं की गाड्या बाहेरच्या राज्यांत निघतात. भाव पडतो तो त्यामुळे.

आता तुमचा हिशेब. हप्ता साधारण 10,930 रुपये, चार वर्षांत व्याजच सव्वा लाख. आरसीची, म्हणजे नोंदणीची, पंधरा वर्षं नोव्हेंबर 2030 ला भरतात. म्हणजे आज कर्ज घेतलंत तर ते फिटेपर्यंत आरसीची मुदतही संपत आलेली असेल. तेव्हा विकायला काढाल, तर गिऱ्हाईक त्याच कारणावरून तुमचा भाव पाडेल.

त्यावर एमएच पासिंगचा खर्च वेगळा: इथला रोड टॅक्स, आरटीओच्या खेपा, एजंटचं कमिशन. दिल्ली आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) हातात पडल्याशिवाय टोकनही देऊ नका. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा आहे का तेही बघा. लाखभर किलोमीटर पळालेल्या डिझेल गाडीचा क्लच, टर्बो, सस्पेन्शन कधी हात दाखवेल याचा नेम नाही, आणि नेमकी तेव्हा एफडी अर्धी झालेली असेल.

माझं मत: ही गाडी सोडा. पंढरपूर, लग्नकार्यं अशा वर्षातल्या चार-पाच फेऱ्यांना ड्रायव्हरसकट अर्टिगा भाड्याने सांगा. हप्त्याचे 11 हजार दीड वर्ष आवर्ती ठेवीत टाका, दोन लाखांच्या आसपास जमतील. सप्टेंबर 2025 मध्ये मोठ्या नव्या एसयूव्हींवरचा कर 50 टक्क्यांवरून 40 वर आलाय, त्यामुळे जुन्यांच्या भावातही घासाघीस करायला जागा आहे. मग सर्व्हिसची पुस्तिका असलेली, एमएच पासिंगची, एकाच मालकाची गाडी शोधा. एफडीला मात्र तेव्हाही हात लावू नका.