कॉलेजच्या टीमसाठी लाख माणसांचं स्टेडियम कशाला? आमच्या घरातलं उत्तर

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला लाख लाख लोक जातात, तर एवढी मोठी स्टेडियम कॉलेजकडे आली कशी, आणि डिग्री घेऊन वीस वर्षं झाली तरी लोक टीमवरून का भांडतात. मी एमएस केलं कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीला, आणि लग्न केलं अ‍ॅन आर्बरला शिकलेल्याशी, म्हणजे मिशिगनवाल्याशी, त्यामुळे या प्रश्नावर आमच्या घरात दरवर्षी नोव्हेंबरमध्ये, या दोन टीमच्या मॅचच्या वेळी, बोलणं होतंच.

आधी हे लक्षात घ्या की इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, बॉल हातात घेऊन पळायचा खेळ. आणि त्यात कॉलेज आधी आलं, प्रोफेशनल नंतर. पहिली कॉलेज मॅच १८६९ ची, प्रोफेशनल टीमची लीग, एनएफएल, १९२० ची, म्हणजे ती लीग यायच्या आधी पन्नास वर्षं बहुतेक ठिकाणी गावाची टीम म्हणजे कॉलेजचीच टीम, आणि कितीतरी गावांत अजूनही तसंच आहे. अ‍ॅन आर्बरची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आणि तिथल्या मिशिगन स्टेडियमची कपॅसिटी १,०७,६०१, यावरून काय ते समजा.

माझं कोलंबसचं स्टेडियम उभं राहिलं त्यामागे एक मुलगा होता, ओहायो स्टेटचा खेळाडू चिक हार्ली. कोलंबसमध्येच वाढलेला. १९१९ मध्ये ओहायो स्टेटने मिशिगनला पहिल्यांदा हरवलं ते तो असताना, १३–३. त्याला बघायला एवढी गर्दी व्हायची की जुनं मैदान पुरेना, मग लोकांकडून पैसे गोळा करून नदीकाठी घोड्याच्या नालेच्या आकाराचं काँक्रीटचं स्टेडियम बांधलं, १९२२ मध्ये, साधारण ६६ हजारांचं. उद्घाटनाच्या मॅचला मिशिगनलाच बोलावलं आणि मिशिगनने १९–० ने हरवलं. पाच वर्षांनी मिशिगनने आपलं स्टेडियम उघडलं तेव्हा त्यांनीही उद्घाटनाला ओहायोलाच बोलावलं आणि परत हरवलं, २१–०. माझा नवरा हे दोन्ही स्कोअर तोंडपाठ म्हणून दाखवतो.

पण मला त्या स्टेडियमची सगळ्यात आवडणारी गोष्ट मॅचची नाहीच. १९३३ मध्ये, महामंदीच्या काळात, ज्या मुलांना खोलीचं भाडं परवडत नव्हतं त्यांची सोय युनिव्हर्सिटीने स्टेडियमच्या आतच केली, एका बुरुजात, आणि पुढे ते रीतसर हॉस्टेल झालं, १९९० च्या दशकापर्यंत चाललं. वर हजारो लोक ओरडतायत आणि खाली कुणीतरी परीक्षेचा अभ्यास करतोय! मी स्वतः चार जणींत एक अपार्टमेंट घेऊन महिन्याचा हिशोब जुळवत शिकले, त्यामुळे ते कळल्यापासून ती इमारत मला जास्तच आपली वाटायला लागली.

मिशिगनचं स्टेडियम वेगळंच आहे. लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा रस्त्यावरून बघून मी म्हटलं, एवढंसंच? कारण तिथल्या खेळ विभागाचा तेव्हाचा प्रमुख फील्डिंग यॉस्ट याने ते जमिनीत खोदून बांधलंय, तुम्ही गेटमधून आत येता तेव्हा बरेच वर असता आणि समोर एकदम खोल परातीसारखं सगळं उघडतं, माझे तर पायच थांबले. यॉस्टने तेव्हाच पाया असा घालून ठेवला की पुढे लाखाच्या वर माणसं बसवता येतील, १९२७ मध्ये हा विचार करणारा माणूस मला खरंच मोठा वाटतो. कपॅसिटीच्या आकड्यातला शेवटचा एक हा फ्रिट्झ क्रिसलर या कोचच्या मानाचा, ती सीट नेमकी कुठली ते कुणाला सांगत नाहीत. बसायला बहुतेक ठिकाणी बाकडीच, त्यामुळे शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून चार तास काढावे लागतात, आणि मला वाटतं माणूस टीमशी जोडला जातो तो तिथे, त्या बाकावर.

भांडण मात्र फुटबॉलच्याही आधीचं. १८३५ मध्ये सीमेवरच्या टोलिडो गावाच्या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन हे दोन प्रांत हातात बंदुका घेऊन समोरासमोर आले होते. आता कोलंबसमध्ये मॅचच्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांमधल्या प्रत्येक इंग्रजी एम अक्षरावर लाल फुली मारतात. मी कोल्हापूरची, पाटाकडील आणि दिलबहार या पेठांतल्या तालमींच्या, आपल्या पायाने खेळायच्या फुटबॉलच्या मॅचला शाहू स्टेडियमवर काय होतं ते लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे मला हे समजायला एक दिवसही लागला नाही. फरक एवढाच की तिथे पेठ जन्माने मिळते, इथे अ‍ॅडमिशनने, आणि तरी घट्टपणा तोच.

२००६ ची मॅच मी विद्यार्थी म्हणून कोलंबसला आत बसून बघितली. देशातल्या पहिल्या आणि दुसऱ्या नंबरची टीम, दोन्ही तोपर्यंत एकही मॅच न हरलेल्या. आदल्या दिवशी मिशिगनचे जुने कोच बो शेम्बेकलर गेले. ते आधी ओहायोचेच कोच वुडी हेज यांचे असिस्टंट होते, आणि पुढे १९६९ ते १९७८ दहा वर्षं गुरुशिष्य एकमेकांविरुद्ध लढले. मॅचआधी सगळं स्टेडियम बो यांच्यासाठी उभं राहिलं. आम्ही ४२–३९ ने जिंकलो, माझा आवाज दोन दिवस बसला होता.

आणि २०२३ ची अ‍ॅन आर्बरला, नवऱ्याबरोबर, त्याच्या निळ्या गर्दीत मी लाल स्वेटर घालून. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मिशिगनच्या झॅक झिंटरचा पाय मोडला. लाखभर माणसं गप्प झाली, दोन्हीकडची पोरं गुडघ्यावर बसलेली. त्याला गाडीवरून नेलं आणि पुढच्याच प्लेला मिशिगनचा ब्लेक कोरम २२ यार्ड पळून शेवटच्या रेघेपार, म्हणजे टचडाउनला पोचला आणि बोटांनी सहा आणि पाच दाखवले, झिंटरचा नंबर ६५. शेजारच्या आजी, मिशिगनच्या टोपीतल्या, मला मिठी मारून रडत होत्या. ती मॅच आम्ही ३०–२४ ने हरलो आणि मी लाल स्वेटर घालूनच पार्किंगपर्यंत चालत गेले, कुणीही एक वाकडा शब्द बोललं नाही.