वाचक विचारतात : फिनिश अवघड की क्रोएशियन?

प्रश्न : फिनिशमध्ये 15 विभक्ती आणि क्रोएशियनमध्ये 7, असं वाचलं. म्हणजे फिनिश दुप्पट अवघड समजायची का? (विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

विभक्ती मोजून अवघडपणा ठरवू नका. फिनिशची विभक्ती बहुतेक वेळा आपल्या शब्दयोगी अव्ययासारखी शब्दाला मागून चिकटते. तालो म्हणजे घर. तालोस्सा घरात, तालोस्ता घरातून, तालोल्ला घरापाशी. अनेकवचनात मध्ये एक ‘इ’ येतो (तालोइस्सा, घरांमध्ये), प्रत्यय तोच राहतो. शिवाय 15 पैकी तीन विभक्ती रोजच्या बोलण्यात क्वचितच लागतात.

क्रोएशियनमध्ये शब्दाआधी ‘उ’ (मध्ये) किंवा ‘इझ’ (मधून) येतो आणि शब्दाचा शेवटही बदलतो. हा बदल लिंग आणि वचन पाहून होतो. कुचा म्हणजे घर, तो शब्द स्त्रीलिंगी. उ कुची घरात, इझ कुचे घरातून, अनेकवचनात उ कुचामा. ग्राद म्हणजे शहर, पुल्लिंगी. उ ग्रादु शहरात, इझ ग्रादा शहरातून, उ ग्रादोविमा शहरांमध्ये. नावं सातच, पण प्रत्येकासाठी वेगळे शेवट पाठ करावे लागतात.

मराठी माणूस हमखास चुकतो ती जागा मात्र दोन्हीकडे एकच. आपण ‘घरात आहे’ आणि ‘घरात गेला’ दोन्हींना ‘घरात’च म्हणतो. फिनिशमध्ये आहे तिथे तालोस्सा, पण आत जाताना तालोऽन (ऽ म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा). क्रोएशियनमध्ये आहे तिथे उ कुची, जाताना उ कुचू. म्हणून विभक्ती सुटी पाठ करू नका. ‘कुठे आहे, कुठे चालला, कुठून आला’ अशी तीन वाक्यं एकत्र घोका.

फिनिशची खरी डोकेदुखी प्रत्ययाआधीच्या शब्दात आहे. कातु म्हणजे रस्ता, पण रस्त्यावर म्हणजे कादुल्ला : ‘त’चा ‘द’ झाला. काउप्पा दुकान, दुकानात काउपास्सा : जोड ‘प्प’ एकेरी झाला. आपलंही रस्ताचं ‘रस्त्या’ होतंच की, त्यामुळे सामान्यरूपाची सवय इथे कामी येते. त्यात स्वरांचा मेळही सांभाळायचा. तालोला ‘स्सा’ लागतो, पण मेत्सॅ (जंगल) या शब्दात ॲ असल्याने मेत्सॅस्सॅ.

प्रश्न : आमच्या घरी तेलुगू बोलतात. फिनिश ही तेलुगू-कन्नडच्या नात्यातली, असं एकानं सांगितलं. खरं का? (साखर पेठ)

नातं सिद्ध झालेलं नाही, पण चाल सारखी आहे. इल्लु म्हणजे घर, इंट्लो घरात, इंटिकि घरी किंवा घराकडे. कन्नडमध्ये मने, मनेयल्लि, मनेगे. तेलुगूत मूळ शब्दही बदलतो आणि ‘आहे तिथे’ व ‘जाताना’ हा फरकही पाळला जातो. म्हणून वर सांगितलेली चूक तुमच्या घरातल्या मुलांकडून कमी होईल.

फिनिश उरालिक कुळातली. एस्टोनियन तिला जवळची, हंगेरियन लांबची. क्रोएशियन स्लाव्हिक, म्हणजे मराठीच्याच इंडो-युरोपीय कुळातली. ‘असणे’ची तिची रूपं पाहा : साम, सि, ये, स्मो, स्ते, सु. संस्कृतात अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. आकडे द्वा, त्रि, चेतिरि. फिनिशमध्ये मात्र काक्सि, कोल्मे, नेल्यॅ, तिथे काही ओळखीचं नाही. गंमत एकच : फिनिशमध्ये शंभरला साता म्हणतात, आणि तो शब्द फार पूर्वी इंडो-इराणी भाषेतून, म्हणजे आपल्या ‘शत’च्या घराण्यातून, उसना घेतलेला आहे.

प्रश्न : लिंगाचं काय? (होटगी रोड)

फिनिशमध्ये लिंग नाही. तो आणि ती दोन्हींना हॅन. क्रोएशियनमध्ये आपल्यासारखी तीन लिंगं : शेवटी व्यंजन तर बहुधा पुल्लिंगी, ‘आ’ तर स्त्रीलिंगी, ‘ओ’ किंवा ‘ए’ तर नपुंसकलिंगी. अपवाद आहेतच : ताता (बाबा) पुल्लिंगी आणि नोच (रात्र) स्त्रीलिंगी. मराठीचं लिंग तिकडे नेऊ नका. घर आणि पुस्तक आपल्याकडे नपुंसक, तिकडे कुचा आणि क्न्यिगा दोन्ही स्त्रीलिंगी. भूतकाळ मात्र घरचाच वाटेल : ‘मी गेलो’ इशाओ साम, ‘मी गेले’ इश्ला साम.

प्रश्न : उच्चारात आमचं काय चुकेल? (अशोक चौक)

दोन्ही भाषांत ‘त’ दंत्य आहे. इंग्रजीच्या सवयीनं ‘ट’ म्हणू नका. क्रोएशियनमध्ये ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च ही वेगळी अक्षरं आहेत. आपल्याला दोन्ही येतात, फक्त लिहिलेलं ओळखायला शिकायचं. त्याशिवाय तिसरा, आणखी मऊ च आहे (‘कुचा’तला तोच). तो सुरुवातीला ‘चार’सारखा उच्चारला तरी भागतं.

फिनिशमध्ये आपली खोड नडते, कारण बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही. तुलि आग, तूलि वारा, तुल्लि जकात. शेवटचा ‘लि’ तिन्हींत ऱ्हस्व आहे, तो मराठी सवयीनं ‘ली’ होतो. ‘मी भेटतो’ला तापाऽन, आणि स्वर आखूड केला की तापान, म्हणजे ‘मी ठार मारतो’. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर. सरावासाठी अशा जोड्या कुणाकडून तरी म्हणवून घ्या आणि न बघता अर्थ ओळखा. आधी कान तयार करा, जीभ मागून येते. आणखी एक : पुस्तकात ‘मी आहे’ला मिनॅ ओलेन लिहितात, पण रस्त्यावर मॅ ओऽन ऐकू येतं. दोन्ही रूपं पहिल्या आठवड्यापासून शेजारी शेजारी वहीत लिहा.