पन्नाशीनंतरचे प्रश्न, जे दवाखान्यात विचारायचे राहून जातात

मागच्या वेळी शुगरवर लिहिलं होतं, त्यात एका ओळीत लैंगिक तक्रारींचा उल्लेख केला होता, आणि सगळ्यात जास्त मेसेज त्या एका ओळीवरच आले. बहुतेकांनी "नाव छापू नका" असं लिहिलंय. काळजी नको, नाव गाव काही देत नाहीये, फक्त वय आणि अडचण. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: वय ५७. बऱ्याच वर्षांची शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. वर्षभरापासून ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. एक मित्र म्हणतो वय झालं, सोडून दे. दुसरा म्हणतो ती निळी गोळी घे. काय करू?

दादा, ५७ हे काही सोडून द्यायचं वय नाही. वय वाढतं तशी ताठरता यायला वेळ लागतो, पूर्वीइतकी कडक राहत नाही, एकदा झाल्यावर पुन्हा व्हायला बराच वेळ जातो, हे सगळं नॉर्मल आहे. पण वर्षभरात बंदच पडलं तर ते वयाच्या माथी मारून गप्प बसायचं नाही.

ताठरता म्हणजे रक्तपुरवठ्याचं काम. इच्छा झाली की तिथल्या नसांमधून (मज्जातंतूंमधून) नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त आत भरतं आणि काही वेळ तिथेच राहतं. शुगर वाढलेली राहिली की नसा खराब होतात आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरपण खराब होतं, म्हणजे दोन्हीकडून मार. आणि आता नीट ऐका, लिंगाच्या रक्तवाहिन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटरच्या असतात, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. चरबी दोन्हीकडे साचते पण बारीक नळी आधी तुंबते. म्हणून कितीतरी पुरुषांना ही तक्रार आधी सुरू होते आणि छातीत दुखणं त्यानंतर दोन चार वर्षांनी येतं. मधली ही वर्षं म्हणजे हातात मिळालेला वेळ असतो आणि लोक तो लाजण्यात घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तर आधी तपासण्या. तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, ईसीजी, आणि चालताना दम लागत असेल तर स्ट्रेस टेस्ट. बीपीच्या गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवा, अटेनोलॉलसारख्या काही जुन्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ताठरता कमी होऊ शकते, बदलून देता येतात, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. तंबाखू चुना किंवा सिगरेट असेल तर ती मात्र आजच बंद, तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, बाकी कितीही उपाय केले तरी ती सगळ्यावर पाणी फिरवते.

अजून एक बघा, पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? असेल तर यंत्रणा शाबूत आहे आणि टेन्शन, भांडणं, "आज जमेल का" ही भीती, यातलं काहीतरी आडवं येतंय. पहाटेची पण नसेल तर शरीरातलं कारण शोधायचं.

ती निळी गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल (व्हायग्रा), वाईट नाही. मुळात हृदयाच्या दुखण्यावर शोधता शोधता तिचा हा उपयोग सापडला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. पण ती कोणाला चालते, किती डोस, हे हृदय तपासल्यावर ठरतं. तासभर आधी घ्यायची, मटणाचं जेवण जेवून घेतली तर उशिरा लागू होते, आणि मनात इच्छा नसेल तर गोळी काहीच करत नाही. पहिल्यांदा नाही जमलं म्हणून फेकून देऊ नका, डॉक्टरांना सांगून डोस आणि वेळ बदलून चार सहा वेळा बघावं लागतं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मात्र नको.

आणि विचारलं नाहीत तरी सांगते, लिंगाच्या पुढच्या कातडीला बारीक चिरा पडणं, खाज, कातडी मागे न जाणं, हे शुगरवाल्यांत फार दिसतं. डापाग्लिफ्लोझिन गटातल्या शुगरच्या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते त्यामुळे तिथे बुरशी लवकर होते. साधं मलम लावून बहुतेक वेळा बरं होतं, आणि बायकोलापण खाज असेल तर दोघांनी एकदमच औषध घ्यायचं.

प्रश्न: वय ५२, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. संबंधाच्या वेळी खूप दुखतं, आग होते, नंतर दोन दिवस लघवीला जळजळ. मी टाळते तर ह्यांना वाटतं माझं मन राहिलं नाही. कोणाला सांगणार?

ताई, मला सांगितलंत ते बरं केलंत, आणि हे "मन राहिलं नाही" वगैरे काही नाही. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते. त्यानंतर इस्ट्रोजेन कमी होतं आणि योनीची आतली त्वचा पातळ, कोरडी, नाजूक होते, ओलावा सुटायला वेळ लागतो, लघवीच्या मार्गाचं अस्तरपण तसंच होतं म्हणून ती जळजळ आणि सारखं इन्फेक्शन. गरम वाफा येणं काही वर्षांनी थांबतं, हा कोरडेपणा मात्र उपाय केला नाही तर वाढत जातो. बायका दात ओठ खाऊन सहन करतात, मग पुढच्या वेळी दुखणार या भीतीनेच खालचे स्नायू आवळले जातात, त्याने अजून दुखतं, मग टाळणं, मग नवऱ्याचा रुसवा. ही साखळी कुठेतरी तोडायला लागते.

सुरुवात ल्युब्रिकंट जेलने करा. पाण्यात विरघळणारं, बिनवासाचं, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, आणि घाबरून चिमूटभर नको, भरपूर लावायचं, दोघांनीही. खोबरेल तेल बऱ्याच जणी वापरतात आणि बऱ्याच जणींना चालतंही, फक्त कंडोम वापरत असाल तर तेल नको, रबर फाटतं. तिथे साबण, इंटिमेट वॉश, डेटॉलचं पाणी हे सगळं बंद, नुसतं पाणी पुरे.

एवढ्याने भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम देतात. हार्मोन म्हटलं की बायका दचकतात, पण हे क्रीम अगदी कमी डोसचं असतं आणि जागेवरच काम करतं, रक्तात फारच थोडं जातं. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा, असं साधारण असतं. फरक दोन तीन आठवड्यांत जाणवायला लागतो, पूर्ण फायद्याला तीनेक महिने द्या. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, संबंधानंतर का असेना, तर "घासलं गेलं असेल" म्हणून सोडायचं नाही, लगेच तपासणी आणि सोनोग्राफी. बहुतेक वेळा साधंच कारण निघतं पण गर्भाशयाच्या कॅन्सरची सुरुवातही अशीच होते आणि लवकर कळला तर तो बरा होतो.

आणि ह्यांना सांगा. रात्री त्या वेळी नको, संध्याकाळी चहा घेताना सांगा, "मला तुम्ही हवे आहात, पण दुखतंय, डॉक्टरांकडे सोबत चला." सोबत आलेला नवरा दवाखान्यात पाच मिनिटांत समजून घेतो, हे मी पाहिलंय.

जाता जाता, ज्यांची पाळी आत्ताच अनियमित झालीये त्यांच्यासाठी: पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं, आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधक चालूच ठेवा.

प्रश्न: वय ६३, अँजिओप्लास्टी झालीये. खिशात सॉर्बिट्रेट ठेवायला सांगितलंय. ताठरतेची गोळी घेतली तर चालेल का? आणि संबंध ठेवले तर अटॅक येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: स्वतःच्या मनाने अजिबात नाही. सॉर्बिट्रेट म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी. ती आणि ताठरतेची गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, एकत्र झालं तर बीपी एकदम कोसळतं, जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही. समजा कोणी गोळी घेतली आणि छातीत दुखायला लागलं, तर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं आणि तिथे पहिलं वाक्य हेच, "मी ती गोळी घेतलीये." मुलगा सून समोर असले तरी सांगायचं. लोक लाजून सांगत नाहीत आणि डॉक्टर नेहमीप्रमाणे नायट्रेट देतात. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तरी आधी विचारा, त्यानेही बीपी उतरतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आनंदाचं आहे. दोन जिने न थांबता चढलात आणि छातीत दुखलं नाही, फार दम लागला नाही, तर आपल्या जोडीदाराशी नेहमीच्या संबंधाला तेवढीच ताकद लागते. अँजिओप्लास्टी व्यवस्थित झालेल्यांना डॉक्टर थोड्याच दिवसांत परवानगी देतात, बायपास असेल तर छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे थांबायचं. भरल्या पोटी नको, दारू पिऊन नको. कार्डिओलॉजिस्ट स्वतःहून हा विषय काढत नाहीत, पुढच्या फॉलोअपला तुम्हीच काढा.

प्रश्न: वय ४८. सारखा थकवा, इच्छा कमी, पोट सुटलंय. जिममधला ट्रेनर म्हणतो टेस्टोस्टेरॉन घे. रीलमध्ये शिलाजित बघितलं, ते घेऊ का?

टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरतं, म्हणजे ४८ ला कोणी रिकामा होत नाही. खरंच कमी आहे का हे बघायचं तर सकाळी ७ ते १० च्या दरम्यान उपाशीपोटी रक्त द्यायचं, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत, दुपारी केलेल्या एका टेस्टवर कोणी इंजेक्शन सुरू करत असेल तर तिथून निघा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, वीर्यातले शुक्राणू घटतात, रक्त घट्ट होतं. ज्यांना खरी कमतरता आहे त्यांना त्याचा छान फायदा होतो, पण ते देणं ट्रेनरचं काम नाही.

तुमच्या लिहिण्यात मला दोन गोष्टी दिसतात, पोट आणि थकवा. पोटाच्या चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं, आणि टेस्टोस्टेरॉन तयार व्हायला झोप लागते. बायकोला विचारा, तुम्ही घोरता का, घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो का? हो म्हणाली तर स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करून घ्या, यातून कितीतरी जणांचा थकवा गेलेला आहे. सोबत थायरॉइड, शुगर, बी१२ आणि व्हिटॅमिन डी. व्यायामात नुसतं चालणं पुरत नाही, आठवड्यातून दोन दिवस वजनं किंवा उठाबशा हव्यातच, कारण या वयात स्नायू झिजत जातात. आणि ताटात भाताचा डोंगर आणि वरण वाटीच्या तळाला, असं नको, उलटं करा, मोड आलेली मटकी, पिठलं, अंडी, मासे, ताक, जे घरात चालत असेल ते.

शिलाजितबद्दल. अशा "ताकद वाढवणाऱ्या" पुड्या आणि कॅप्सूलमध्ये गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं तपासण्यांमध्ये अनेकदा सापडलंय, म्हणून तर त्या तासाभरात "लागू" होतात, आणि घेणारा सॉर्बिट्रेटवर असेल तर? १९५४ च्या कायद्याने आपल्याकडे लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी आहे, तरी रोज मोबाइलवर दिसतात. आयुर्वेदिक घ्यायचं तर शिकलेल्या वैद्यांकडून, आणि तेही तुमच्या चालू औषधांची यादी दाखवून.

प्रश्न: वय ६९. पत्नी जाऊन पाच वर्षं झाली. अजूनही इच्छा होते, हस्तमैथुन करतो, नंतर मन खातं. अशक्तपणा येईल का? या वयात हे पाप आहे का?

काका, तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ थांबले. अशक्तपणा येत नाही. "रक्ताच्या शंभर थेंबांचा वीर्याचा एक थेंब" हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ऐकवलं गेलंय आणि ते साफ चुकीचं आहे, वीर्याचा बहुतेक भाग प्रोस्टेट आणि वीर्यकोशातला द्रव असतो, शरीर तो पुन्हा बनवतं. हृदयावरही संबंधापेक्षा कमीच ताण येतो.

संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं तेव्हापासून मराठीत या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली जातायत. त्यावरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. इतकी वर्षं झाली तरी तुमच्यासारखा माणूस रात्री एकटा बसून स्वतःला दोष देतो, हे मला सहन होत नाही. तुमचं काहीही चुकत नाहीये. आणि सोबतीची गरज वाटत असेल, पुन्हा लग्न करावंसं वाटत असेल, तर तेही बोला, मुलांना आधी जड जाईल, पण बोला. नवीन नातं जुळलं तर दोघांनी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसच्या तपासण्या करून घ्या, गरोदरपणाची भीती नसली म्हणून कंडोमची गरज संपत नाही.

प्रश्न: वय ६०. आम्ही दोघं, मुलगा, सून, नातू, एकच बेडरूम. आम्ही हॉलमध्ये झोपतो. मला यांच्या जवळ जावंसं वाटतं पण लाज वाटते. या वयात असं वाटणं बरोबर आहे का?

अगदी बरोबर आहे ताई. मुलाची खोली झाली की आई-वडलांचं हे सगळं संपलं असं घरात कोणीच बोलून दाखवत नाही, पण गाद्या मात्र तशाच टाकल्या जातात. दुपारी नातू शाळेत, मुलगा सून कामावर, तेव्हा घर तुमचंच असतं. वाढत्या वयात दुपार किंवा सकाळ रात्रीपेक्षा बरीही, अंग थकलेलं नसतं. गुडघे दुखत असतील तर कुशीवर झोपून, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. आणि दर वेळी संभोग झालाच पाहिजे असं कुठे आहे, पाठीला तेल लावून देणं, मिठीत पडून राहणं, याचीही शरीराला भूक असते. वर्षातून दोनदा कुठेतरी दोघंच जा, देवदर्शनाचं निमित्त चालेल.

प्रश्न: वय ६६, प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. आता संबंधाच्या वेळी वीर्य बाहेरच येत नाही. काही बिघडलं का?

नाही. या ऑपरेशनमध्ये मूत्राशयाच्या तोंडाची झडप सैल होते, त्यामुळे वीर्य पुढे येण्याऐवजी मागे मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीतून निघून जातं, म्हणून त्यानंतरची पहिली लघवी गढूळ दिसते. त्रास काही नाही, आनंद बहुतेकांना पूर्वीसारखाच मिळतो. हे ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं होतं. ताठरता कमी वाटत असेल किंवा खोकताना लघवी थेंब थेंब होत असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम सुरू करा: वारा अडवताना जसं आवळतो तसं पाच मोजेपर्यंत आवळायचं, तेवढाच वेळ सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा, श्वास चालू ठेवून, पोट आणि मांड्या सैल. तीन महिने नेमाने करा, आणि लघवीत रक्त किंवा ताप आला तर मात्र वाट न बघता सर्जनला दाखवा.