विश्वास सगळ्यात मोठा म्हणजे शिक्षण, नोकरी, चालीरीती सोडायच्या का?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती लोक विश्वासाला सगळ्यावर ठेवतात, मग कर्तबगारी आणि वाडवडिलांच्या रीती टाकून द्यायच्या का. मी गोव्यात, फोंड्यात हिशेब लिहायचं काम करतो, तेव्हा जमा-नावे करूनच सांगतो. ख्रिस्ताचा प्रेषित पौल, मूळचा यहुदी, त्यानेही बायबलमधल्या आपल्या पत्रात तसंच सांगितलंय.

फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला तुरुंगातून लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो आधी जमेची बाजू मांडतो: आठव्या दिवशी सुंता, इस्राएलातला बन्यामिनाचा वंश, परूशी म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, नियमशास्त्रात (यहुद्यांच्या धर्मनियमांत) बोट ठेवायला जागा नाही. मग हे सगळं उचलून नावे टाकतो. ख्रिस्तापुढे केरकचरा, म्हणतो. (मूळ ग्रीक शब्दात शेणघाणही येते, मराठीने जरा सोवळं पाळलंय.) यात पाप एकही नाही बघा, सगळ्या चांगल्याच गोष्टी. पाप सोडा असं कुणीही सांगेल. पुण्याईच्या भरवशावर राहू नका म्हटलं की माणूस बिथरतो.

मीही बिथरलो होतो. माझे आजोबा नगरच्या मिशनातले, आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. इथे आलो तेव्हा शेजारचे कॅथलिक आजोबा गप्पांत सहज सांगून जायचे, आमी बामण. बाप्तिस्म्याला काही शतकं लोटली तरी जात शाबूत. काही कॉन्फ्रारियांत (चर्चमधल्या भाविकांच्या मंडळांत) तर सभासद कोण होणार हेही जातीवर ठरायचं. मला हसू यायचं. आणि आमच्या मराठी सभेत एक गवंडी पहिल्यांदा आला, तेव्हा मी त्याला काय विचारावं? 'घरात आधीचं कुणी ख्रिस्ती आहे का?' तो 'नाही' म्हणाला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. ते 'नाही' अजून कानात आहे.

नोकरीचं म्हणाल तर मी एका खाण कंपनीत अकाउंट्सचा प्रमुख होतो. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि महिन्याभरात मी घरी बसलो. पगार गेला त्याहून हुद्दा गेल्याचं जास्त लागलं, हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली. तोच अध्याय रोज वाचायचो आणि बायकोवर खेकसायचो. विश्वास ठेवला की लगेच शांती मिळते असं कुणी सांगितलं तर माझं नाव सांगा.

तर टाकून द्यायचं का? नाही. तीमथ्य आणि तीत हे पौलाचे सोबती. त्याने तीमथ्याची सुंता स्वतः केली, आणि तीताची मात्र होऊ दिली नाही. रीत पाळायला त्याची हरकत नव्हती. तिच्या जोरावर देवापुढे उभं राहायला होती. मी अजून हिशेब लिहितो, नीट लिहितो. नाताळला नेवऱ्या (करंज्या) होतात, आजोबांचं गीतांचं पुस्तक निघतं.

कंपनी बंद व्हायच्या जरा आधी छापलेल्या व्हिजिटिंग कार्डांचा खोका घरात पडून होता. बायको त्यांच्या पाठीवर बाजाराची यादी लिहून देते. काल 'बांगडे, सोलं, कांदे' होतं. अजून शंभरेक कार्डं उरली असतील.