‘फाफ्सा’मध्ये माहिती आईची की वडिलांची?

प्रश्न: आमचा घटस्फोट झाला असून मुलगी न्यू जर्सीत माझ्याकडे राहते, परंतु तिचा बहुतांश खर्च तिचे वडील करतात. अमेरिकी सरकारच्या महाविद्यालयीन आर्थिक मदतीसाठीच्या ‘फाफ्सा’ अर्जात माहिती कोणाची द्यावी?

उत्तर: वडिलांची. २०२४-२५ च्या अर्जापासून मूल कोणाकडे अधिक राहते याऐवजी मागील बारा महिन्यांत आर्थिक आधार कोणी अधिक दिला हे पाहिले जाते, आणि त्यांनी पुनर्विवाह केला असल्यास पत्नीचे उत्पन्नही धरले जाते. त्यांनी या अर्जासाठी स्वतःचे ऑनलाइन खाते उघडून आपला करविषयक तपशील कर विभागाकडून घेण्यास संमती द्यावी लागते. माहिती दिल्याने फी भरण्याची कायदेशीर जबाबदारी येत नाही, हे त्यांना आधीच सांगावे. टाळाटाळीमागे अनेकदा हीच धास्ती असते. काही खासगी महाविद्यालये मात्र ‘सीएसएस प्रोफाइल’ या आर्थिक मदतीच्या वेगळ्या अर्जामध्ये दोघांचाही तपशील मागतात.