आमदारकीचं विचारलंस म्हणून

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. "मावशी, मला आमदारकी लढवायचीय, सुरुवात कुठून करू?" एवढंच विचारलंस आणि तीन दिवस मी त्याच विचारात आहे. बीड जिल्ह्यातल्या सत्तावीस वर्षांच्या सरपंच मुलीने हे इतकं सरळ विचारावं, याचा मला फार आनंद झाला. आमच्या वेळी मनात असलं तरी बोलायची सोय नव्हती.

आधी तुझ्या खुर्चीचं सांगते. ती महिला राखीव होती म्हणून तुला मिळाली, आणि पुढच्या सोडतीत ती जाऊ शकते. २०११ पासून आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत, पण कुठलीच जागा एका बाईची होऊन राहत नाही. माझा जिल्हा परिषदेचा गट १९९७ ला राखीव होता, २००२ ला नव्हता. सोडत झाली त्या संध्याकाळपासून माझ्या दारातली वर्दळ थांबली. तिकीट दुसऱ्याला गेलं आणि मला त्याच्याच प्रचाराला जायला सांगितलं. तेव्हा मी रडले ते तिकिटासाठी. आज वाटतं, रडायचं कारण वेगळं होतं. पाच वर्षांत मी रस्ते केले, सभामंडप केले, हातपंप बसवले. पण "या विषयाचं मावशीला विचारा" असं कुणी म्हणावं, असा एकही विषय माझ्याकडे नव्हता. पद गेल्यावर लोकांनी माझ्याकडे यायचं तरी कशाला?

विधानसभेच्या २८८ जागांत आजमितीला महिलांसाठी एकही राखीव नाही. एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ साली झाली, पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधलेली आहे. २०१९ ला २४ बायका निवडून आल्या होत्या, २०२४ ला २१. त्या कायद्याची वाट बघत बसू नकोस. तिकीट मागायला गेलीस की "निवडून येण्याची क्षमता" काढतील. त्यात पैसा, घराणं, जात सगळं मोजतात. घराण्यातून आलेल्या बायकांना मी कमी लेखत नाही, त्यांनाही सभागृहात स्वतःच उभं राहून बोलावं लागतं. पण तुझ्या घरात आमदार नाही. तुला दुसरं काहीतरी घेऊन जावं लागेल.

आपल्याच जिल्ह्यात बघ. केशरकाकू क्षीरसागर गावच्या सरपंच होत्या आणि पुढे तीनदा बीडच्या खासदार झाल्या. डॉ. विमलताई मुंदडा १९९० पासून सलग पाच वेळा केजमधून निवडून आल्या आणि राज्याच्या आरोग्यमंत्रीही झाल्या. पण मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते लांबच्या एका बाईने. मृणाल गोरे. गोरेगावच्या वस्त्यांमधल्या बायका रिकाम्या हंड्यांनिशी त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. १९६१ ला त्या मुंबई महापालिकेत गेल्या, १९७२ ला विधानसभेत, १९७७ ला लोकसभेत. सभागृह बदललं तरी लोकांच्या तोंडी त्या "पाणीवाली बाई"च राहिल्या. लोकांनी दिलेलं ते नाव कोणत्या सोडतीत जाणार होतं?

म्हणून माझा तुला उलट प्रश्न आहे: तुझा विषय कोणता?

मला विचारशील तर तो तुझ्या दारातच आहे. दिवाळी झाली की तुझं निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला निघतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, अंगावर, फडाशेजारी राहायला कोपी. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, खाडा केला तर पैसे कापतात. यातूनच तिशीच्या आतबाहेरच्या बायका गर्भाची पिशवी काढून बसल्या. २०१९ ला राज्यभर ओरड झाली, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. तुझ्या गावातल्या किती? हे तुला आज सांगता येणार नाही, आणि खरं काम तिथूनच सुरू होतं.

एक वही कर. घरटी बाई, तिचं वय, किती हंगाम केले, उचल किती, शस्त्रक्रिया झाली का, कितव्या वर्षी, हातात कागद आहेत का. ही वही कुणालाही दाखवायची नाही, नवऱ्यालाही नाही, पत्रकाराला तर नाहीच. बायका तुझ्यावर विश्वास टाकून सांगतील. बाहेर फक्त आकडे जाऊ दे, नावं नाहीत.

मग विधिमंडळाची प्रश्नोत्तरं वाचायला लाग. तारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्यांची, एक ठरलेली भाषा असते: "हे खरे आहे काय", "असल्यास", आणि शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". उत्तर पुष्कळदा "हे अंशतः खरे आहे" असं येतं. त्या "अंशतः"मध्ये काय दडलंय हे ओळखता यायला मला वर्षं लागली. तुझ्या वहीतल्या आकड्यांवरून असा एक प्रश्न लिही आणि अधिवेशनाच्या पुरेसं आधी आमदारांकडे घेऊन जा. आपल्या पक्षाचे नसले तरी जा. आमदार होण्याआधीच तू आमदाराकडून काम करून घ्यायला शिकशील, आणि सभागृहात तुझ्या गावाचं दुखणं पोचेल. नाव त्यांचं होईल. होऊ दे. मुंबईहून उत्तर आलं की त्याचा अर्थ विचारायला बायका तुझ्याकडेच येतील.

आता एक गोष्ट, जी मी फार थोड्यांना सांगितली आहे. जिल्हा परिषदेच्या पहिल्या वर्षी कागद घरी यायचे, मालक, म्हणजे माझे यजमान, सांगतील तिथे मी सही करायचे. एकदा माझ्याच गटातल्या अंगणवाडीची खोली रद्द करून तो निधी दुसरीकडे वळवल्याचं कळलं. मी भांडायला गेले, तर त्यांनी ठराव पुढे केला. खाली माझी सही होती. त्या पोरांनी पुढे दोन पावसाळे देवळाच्या ओसरीत काढले. ते मला अजून विसरता येत नाही. तू न वाचता एकही कागद सही करू नकोस. कळलं नाही तर ग्रामसेवकाला समोर बसवून मोठ्याने वाचून घे.

लोक बोलतील. रात्री उशिरा येते, कुणाच्या गाडीतून उतरली. मला बोलले, तुलाही बोलतील. त्याला उत्तर देत बसू नकोस. निवडणुकीच्या पैशाचं प्रत्यक्ष भेटीत बोलू. एवढंच आत्ता सांगते की जमीन गहाण ठेवायची नाही आणि दागिने मोडायचे नाहीत.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत महिला ग्रामसभा घे. ग्रामसभेच्या आधी ती घ्यायचीच असते, पण बहुतेक ठिकाणी नुसत्या रजिस्टरवर सह्या होतात. तू खरीखुरी घे, संध्याकाळी, स्वयंपाक उरकल्यावर, पुरुष नसताना. मला तारीख कळव. गुडघे दुखतात, पण एस.टी.ने येते. पहिली पन्नास घरं आपण दोघी मिळून फिरू.

तुझी,
मावशी